वाढत्या वयाची हाडे व कूर्चा

जन्माची नोंद खेड्यांत क्वचितच आढळे त्या काळी मूल शाळेत घालण्याजोगे झाले की नाही, हे ठरविण्याची एक सोपी युक्ती गुरुजींजवळ असे. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडावा. बोटे कानास पोहोचली तर नाव दाखल करावे, न पोहोचली तर पुढील वर्षी आणावयास सांगावे. आता जन्मदाखले मिळू लागल्याने ही युक्ती मागे पडली. परंतु तिच्या मुळाशी शरीरशास्त्रातील एक खरा नियम होता. नवजात बालकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा असते. प्रौढ माणसाचे डोके उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच भरते. जन्मानंतर डोके बेताने वाढते, हातपाय मात्र झपाट्याने लांब होतात, आणि सहा वर्षांच्या सुमारास हात डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानास लागतो. गुरुजी कानाच्या निमित्ताने मुलाची हाडेच मोजीत होते. अर्थात हे माप काटेकोर नव्हते. ज्या मुलास पोटभर अन्न मिळाले नाही त्याचा हात आखूड राही, आणि त्याची शाळाही वर्षभर लांबे.

हाड कसे वाढते, हा प्रश्न म्हणूनच प्राथमिक शिक्षकाच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. सहा ते चौदा वर्षांची मुले त्याच्यासमोर बसतात, आणि अस्थींच्या घडणीतील मोठा व नाजूक भाग याच वर्षांत पार पडतो. पाठ्यपुस्तकांतील सांगाड्याचे चित्र पाहून बहुधा असा समज होतो की, हाड म्हणजे घराचा वासा. सुतार तो एकदा बसवितो आणि पुढे तो नुसता भार पेलीत राहतो. हा समज दूर करावयास हवा. जिवंत माणसाचे हाड हे त्वचेइतकेच जिवंत असते. त्यातून रक्तवाहिन्या जातात, त्यावरील पातळ आवरणात मज्जातंतू पसरलेले असतात, आणि त्यात दोन प्रकारच्या पेशी अखंड काम करीत असतात. एक प्रकार जुने हाड कोरून काढतो, दुसरा त्या जागी नवे रचतो. प्रौढ माणसाच्या एकूण हाडांपैकी सुमारे दहावा भाग दरवर्षी अशा रीतीने बदलला जातो. वाढत्या मुलात रचणाऱ्या पेशींची सरशी असते, मध्यम वयात दोन्ही बाजू सारख्या असतात, आणि उतारवयात कोरणाऱ्या पेशी वरचढ ठरतात.

हाडाचे वजन केले तर त्यात निम्म्याहून बराच अधिक भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षाराचा असतो. उरलेल्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट तंतू व पाणी असते. खनिजामुळे कठीणपणा येतो, तंतूंमुळे लवचीकपणा येतो. नुसते खनिज असते तर हाड खडूसारखे तुटले असते, नुसते तंतू असते तर ते वेताच्या छडीसारखे वाकले असते. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठलेले असते. उरलेला एक टक्का अत्यंत मोलाचा आहे, कारण त्याच्यावाचून स्नायू आकुंचन पावत नाहीत आणि हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत. म्हणून रक्तातील कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून उसने घेते. हे उसने अन्नातून परत न झाल्यास हाड पोकळ होत जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

हाडांच्या जोडीचा दुसरा पदार्थ म्हणजे कूर्चा. सामिष स्वयंपाकघरात सांध्याच्या टोकाशी पांढरे, चकचकीत, दातांखाली कुरकुरणारे कोवळे हाड मिळते, तीच कूर्चा होय. शाकाहारी घरातील मुलांना ती दाखविण्यासाठी कोणाच्याही घरी जावयास नको. प्रत्येकाने आपला कान दुमडून सोडावा किंवा नाकाचा शेंडा हलवून पाहावा. कानाची कूर्चा सर्वांत लवचीक असते. सांध्यांत हाडांच्या टोकांवर बसविलेली कूर्चा गुळगुळीत असते, आणि पाठीच्या मणक्यांमधील चकत्या तंतुमय व चिवट असतात. कूर्चेचा मोठा विशेष असा की, तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. भोवतालच्या द्रवातून पाझरून जे पोषण मिळेल त्यावर ती जगते. सांधा हलला की ओला स्पंज दाबून सोडावा तसा तिच्यातील द्रव बाहेर पडतो व पुन्हा आत शोषला जातो. हालचाल हीच तिची शिदोरी म्हणावयास हरकत नाही. परंतु रक्ताच्या अभावी तिची झीज वा जखम सहसा भरून येत नाही. मोडलेले हाड सांधते. फाटलेली सांध्याची कूर्चा पूर्ववत होईल असा भरवसा धरता येत नाही.

आपल्याकडील जुन्या वैद्यकास हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तरुण अस्थी म्हणजे नाक, कान आदी ठिकाणची कूर्चा. नलक म्हणजे हातापायांची लांब पोकळ हाडे. मटणाच्या ताटातील ‘नळी’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. सुश्रुताने अस्थींची संख्या ३०० दिली, चरकाने ३६०. आजच्या गणनेप्रमाणे प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. या तफावतीवरून प्राचीनांस दोष देण्याचे कारण नाही, आणि त्यांची संख्याच खरी असा हट्ट धरण्याचेही कारण नाही. सुश्रुताने दात व कूर्चाही अस्थींत मोजल्या, चरकाने नखेदेखील मोजली. मोजण्याची व्याख्या निराळी, म्हणून बेरीज निराळी.

नवजात बालकाच्या शरीरात अस्थींचे पावणेतीनशेच्या आसपास सुटे तुकडे असतात, ही गोष्ट मात्र वर्गात अवश्य सांगावी. कारण वय वाढताना हाडे कमी कशी होतात, हा प्रश्न मुले लगेच विचारतात. त्याचे उत्तर असे. गर्भात सांगाड्याचा बहुतेक आराखडा प्रथम कूर्चेचा बनतो. पुढे या कूर्चेच्या मध्यभागी रक्तवाहिन्या शिरतात, तेथे खनिज साठते व अस्थीचे केंद्र तयार होते. लांब हाडाच्या दांड्यात एक केंद्र, टोकांना आणखी केंद्रे, आणि दांडा व टोक यांच्यामध्ये कूर्चेची एक पातळ चकती राहते. हाडाची लांबी वाढते ती या चकतीपाशी. चकतीतील पेशी एकीवर एक रचल्यासारख्या वाढत जातात, मागील थर अस्थीत रूपांतरित होतो, पुढे नवा थर येतो. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते. मुलींच्या बहुतेक चकत्या साधारणपणे १४ ते १६ व मुलांच्या १६ ते १८ या वयात भरून जातात. टोक व दांडा एकजीव होतात. तुकड्यांची संख्या घटते आणि उंची वाढणे थांबते. मनगटाची लहान हाडे जन्मतः केवळ कूर्चेची असल्यामुळे क्ष-किरण चित्रात दिसतच नाहीत, पुढे ती एकामागून एक उमटू लागतात. यावरून डॉक्टर मुलाच्या वयाचा अंदाज करतात. कान पकडण्याच्या जुन्या युक्तीचीच ही सुधारलेली आवृत्ती होय.

कवटीच्या माथ्याची हाडे मात्र कूर्चेच्या मार्गाने येत नाहीत. ती पापुद्र्यातून थेट बनतात. त्यांच्यामधील न भरलेली जागा म्हणजे टाळू. ती साधारणपणे दीड वर्षाच्या आत भरते. टाळूवर तेल घातल्याने ती भरते असा घरोघर समज आहे. तेलाचा हळुवार हात लावण्यास हरकत नाही, परंतु टाळू भरण्याचे काम आतील अस्थिपेशी करतात.

वाढीच्या चकतीचे ज्ञान शिक्षकास ज्या प्रसंगी खरोखर उपयोगी पडते, तो प्रसंग म्हणजे मुलाचे पडणे. चिंचेच्या झाडावरून, बैलबंडीवरून किंवा शाळेच्या ओट्यावरून मूल पडते, पडताना हात पुढे करते आणि सारा भार कोपरावर येतो. मुलाचे हाड तंतूंनी समृद्ध असल्यामुळे निंबाच्या ओल्या काडीप्रमाणे ते पुष्कळदा एका बाजूने चिरते व दुसऱ्या बाजूने नुसते वाकते. अशा वेळी हात वेडावाकडा दिसत नाही आणि मोड झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिवाय मुलांच्या सांध्यांचे बंध वाढीच्या चकतीपेक्षा बळकट असतात. म्हणून मोठ्या माणसाचा जेथे पाय मुरगळला असता तेथे मुलाची चकती सरकलेली असू शकते. ‘नुसती लचक आहे’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत शिक्षकाने घाईने उच्चारू नये. चकती दुखावली आणि तशीच राहिली तर तो हात किंवा पाय पुढे आखूड अथवा तिरपा वाढण्याचा संभव असतो.

कोपराच्या जरा वर दंडाचे हाड चपटे व पातळ होते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत तेथील मोड विशेष आढळतो, आणि मुलांच्या सर्व अस्थिभंगांत तो अधिक धोक्याचा आहे. त्या हाडाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रोहिणी व मोठे मज्जातंतू जातात. हाडाचे टोक त्यांवर रुतते किंवा सूज चढून त्या दबतात. अशा कोपरावर तेल लावून चोळले, ओढून हाड ‘बसविले’ आणि बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या, म्हणजे आतून सूज व बाहेरून बंधन अशा कात्रीत रक्तप्रवाह अडतो. स्नायूंना सहा तासांच्या आसपास रक्त न मिळाल्यास ते कायमचे निकामी होऊ लागतात. नंतर ते आक्रसतात, बोटे आत वळतात आणि पंजा नखांसारखा गोळा होतो. जर्मन शल्यविशारद रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. क्वचित प्रसंगी हात सडून कापावाही लागतो. खेड्यापाड्यांतील हाडवैद्यांनी असंख्य मोडलेले हात बरे केले आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. हाड स्थिर ठेवले की सांधण्याचे काम निसर्ग करतो आणि बऱ्याच साध्या मोडांत तेवढे पुरते. परंतु मुलाचे कोपर हे त्या यादीत बसत नाही, ही गोष्ट पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. ती अपघात होण्यापूर्वी सांगावयाची असते. रडणारे मूल समोर असताना ओट्यावर वाद घालून उपयोग नाही.

अशा वेळी शिक्षकाने करावयाचे काम थोडके आहे. हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत राहू द्यावा. सरळ करण्याचा किंवा दुमडण्याचा प्रयत्न करू नये. फूटपट्ट्या, वर्तमानपत्राची जाड गुंडाळी किंवा जाड पुठ्ठा यांचा आधार देऊन खाली कापूस अथवा मऊ फडके ठेवावे, सैलसर बांधावे आणि बोटे उघडी ठेवावीत. बांगड्या, कडे, दोरा लगेच काढावा. सूज आल्यावर ते निघत नाही. दर थोड्या वेळाने बोटांकडे पाहावे. ती पांढरी वा निळसर पडली, गार झाली, मुंग्या येऊ लागल्या, किंवा बोटे हळूच सरळ केली असता मूल वेदनेने किंचाळले, तर बंध तत्काळ सैल करावा आणि क्षणाचाही विलंब लावू नये. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव असल्याने डॉक्टरांनी पाहीपर्यंत चहा-बिस्किटे देण्याचा मोह आवरावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे अस्थिरोगाचे उपचार होतात. हाड त्वचेबाहेर आले असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ कपड्याने झाकावे.

हाड सांधण्याची क्रिया मोठी रम्य आहे. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, मग दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेचा मऊ गठ्ठा तयार होतो, आणि पुढे त्यात खनिज भरून हाड बनते. गर्भात जो मार्ग शरीराने पत्करला होता तोच ते पुन्हा चालते. लहान मुलाचा पुढचा हात चार ते सहा आठवड्यांत सांधतो. प्रौढाच्या मांडीस कित्येक महिने लागतात. नंतर कोरणाऱ्या व रचणाऱ्या पेशी तो गाठाळ भाग घासून पुन्हा सुबक करतात.

आतापर्यंत हाडाच्या वाढीचा विचार झाला. हाडास रक्त न मिळाल्यास काय होते, हे विदर्भातील शिक्षकास अधिक जवळून पाहावे लागते. लांब हाडांच्या पोकळीत व चपट्या हाडांच्या जाळीत मज्जा असते, आणि रक्तातील तांबड्या पेशी तेथेच जन्मतात. लहान मुलांच्या जवळजवळ सर्व हाडांत ही तांबडी मज्जा असते. सिकलसेल या आनुवंशिक रोगात तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि त्यांपुढील हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. विदर्भातील अनेक समाजांत हा रोग आढळतो व वर्धा जिल्हा त्यास अपवाद नाही. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. शाळकरी मुलाच्या मांडीत, नडगीत, पाठीत अकस्मात असह्य वेदना उठतात. बाहेरून जखम नसते, सूजही पुष्कळदा नसते, आणि दोन दिवसांनी तेच मूल अंगणात खेळताना दिसते. साहजिकच त्याच्यावर कामचुकारपणाचा शिक्का बसतो. हा शिक्का अन्यायाचा आहे. त्या दोन दिवसांत त्याच्या हाडाचा एखादा भाग रक्तावाचून तडफडत होता. असे वारंवार घडल्यास मांडीच्या हाडाचे गोल डोके मृत होऊन खचते आणि मूल कायमचे लंगडे होते.

थंडी, तहान, अतिश्रम व ताप यांनी ही वेदना चेतते. म्हणून अशा मुलास वर्गात केव्हाही पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा असावी, पावसात भिजल्यावर कपडे बदलण्याची सोय असावी, धावण्याच्या शर्यतीसाठी आग्रह धरू नये. ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे, कारण या मुलांच्या हाडांत जंतूंचा शिरकाव लवकर होतो. रक्ततपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांत होते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्यात मुलांच्या तपासणीवर भर आहे. नियमित औषधाने वेदनेचे झटके पुष्कळ कमी करता येतात. निदान झालेल्या मुलाचे नाव वर्गात जाहीर करू नये, एवढी काळजी शिक्षकाने घेतली म्हणजे पालक माहिती लपविणार नाहीत.

हाडास जशी रक्ताची तशी संवेदनेचीही गरज असते. हे समजून घ्यावयास वर्ध्याइतकी योग्य जागा नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभे केले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कार्यालय वर्ध्यास आले, आणि डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली गावोगाव पाहणी, लोकशिक्षण व उपचार यांची सांगड घालणारी पद्धत तेथून पसरली. कुष्ठरोगात बोटे झडतात असे लोक म्हणतात. वस्तुतः रोगजंतू मज्जातंतू बधिर करतात. बधिर हातास चुलीवरचे भांडे भाजले तरी कळत नाही, टोचले तरी कळत नाही. जखमा होतात, त्या चिघळतात, आतील हाडास संसर्ग होतो आणि कोरणाऱ्या पेशी ते हाड हळूहळू शोषून घेतात. बोट गळून पडत नाही, आतून आखूड होते. नाकाच्या पडद्याची कूर्चा व हाड नष्ट झाल्यास नाक बसते. वेदना ही हाडांची राखणदार आहे, ती गेली की हाडही राहत नाही. बहुऔषधी उपचार आज मोफत आहेत व त्यांनी रोग बरा होतो. परंतु गेलेले हाड परत येत नाही. म्हणून मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसल्यास त्याच आठवड्यात आरोग्यकेंद्रास कळवावे.

आहाराविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. दूध, ताक, हिरव्या भाज्या, डाळी व तीळ यांतून कॅल्शियम मिळते. तिळांत ते भरपूर असले तरी सगळे अंगी लागत नाही, तेव्हा संक्रांतीच्या एका लाडवावर वर्ष काढता येणार नाही. अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास ड जीवनसत्त्व लागते व ते उन्हाने त्वचेत तयार होते. वर्ध्याच्या उन्हाची कोणी कमतरता सांगणार नाही. पण बंद खोलीत बसणाऱ्या मुलास ऊन असून नसल्यासारखे. दप्तराविषयी २०२० च्या शालेय दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाची मर्यादा घातली आहे. वीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर दोन किलोंहून अधिक ओझे नसावे. शाळेत साधा वजनकाटा असला तर ही तपासणी एका तासात होते.

वर्गात करून दाखविण्याजोगे दोन प्रयोग येथे सुचवितो येतील. हाताने केल्यावाचून ज्ञान पुरे होत नाही, हा विचार १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला होता, आणि हाडाइतका त्यास सोयीचा विषय विरळा. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ धुतलेले हाड काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलावे. आठवड्याभरात आम्लाने खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. दुसरे तसेच हाड मोठ्या माणसाने चुलीच्या निखाऱ्यांत पांढरे होईपर्यंत भाजावे. त्यातील तंतू जळून जातात. आकार कायम राहतो, पण बोटांनी दाबताच त्याचा चुरा होतो. दोन्ही हाडे शेजारी ठेवली म्हणजे खनिज व तंतू यांचे काम वेगळे सांगावे लागत नाही. हाडे शाळेत आणण्यास गावाची हरकत असल्यास हा प्रयोग सोडून द्यावा आणि दुसरा करावा.

दुसऱ्यास काहीच साहित्य लागत नाही. मुलांना भिंतीशी टाचा टेकवून उभे करावे व सकाळी शाळा भरताच डोक्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. सायंकाळी सुटीपूर्वी पुन्हा करावी. सायंकाळची खूण बहुधा थोडी खाली येते. दिवसभर उभे राहण्याने व बसण्याने मणक्यांमधील चकत्यांतील पाणी किंचित पिळून निघते, रात्री आडवे पडल्यावर ते परत शोषले जाते. प्रौढांत हा फरक सुमारे एक सेंटिमीटरचा असतो, मुलांत त्याहून थोडा कमी आढळेल. अंथरुणातून उठताच माप घेतल्यास तो अधिक स्पष्ट दिसतो; म्हणून उत्साही मुलांनी एक माप घरीच, अंथरुणातून उठल्याबरोबर, आईकडून घेऊन यावे.